टाइल्स घेताना खोक्यावरचा नंबर बघा

फरशी बदलायची असेल तर सगळ्या टाइल्स एकदम, एकाच बॅचच्या घ्या. खोक्यावर बॅच आणि शेड नंबर छापलेला असतो. डिझाइन तेच असलं तरी बॅच बदलली की रंगात फरक पडू शकतो. दुकानाच्या झगमगाटात तो कळत नाही, घरी उजेडात लगेच डोळ्यात भरतो. म्हणून टेम्पोतून माल उतरतानाच प्रत्येक खोकं तपासा. मिस्त्रीने एकदा कटर चालवला की दुकानदार परत घ्यायला कां-कूं करणारच. २ बाय २ फुटी ४ टाइल्सच्या खोक्यात साधारण १५.५ चौरस फूट जागा भरते. मोजमापापेक्षा १० टक्के जास्त घ्या, तिरप्या बसवणार असाल तर १५. उरलेल्या टाइल्स माळ्यावर ठेवा. पुढे गळतीसाठी बाथरूम फोडावं लागलं तर त्याच कामी येतात.