युनिक्स मशीनवर नेटवर्क कार्ड चालू करणे: नवशिक्यांसाठी काही अनुभव

२०१४ च्या उन्हाळ्यात सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या एका अडत पेढीचा जुना सर्व्हर बंद पडला आणि नवा मदरबोर्ड बसवून त्यावर फ्रीबीएसडी ही युनिक्स कुळातील प्रणाली चढवण्याचे काम माझ्याकडे आले. पदविका पूर्ण होऊन मला दीड वर्ष झाले होते, मी मिरजेत राहत होते आणि दोन-तीन लहान कार्यालयांच्या संगणकांची देखभाल एवढीच माझी मिळकत होती. फ्रीबीएसडी तासाभरात चढले, हिशेबाचा डेटाही जुन्या डिस्कवरून उतरला. नेटवर्क मात्र काही केल्या मिळेना. पेढीचे दिवाणजी शेजारी उभे राहून सगळे पाहत होते. ‘‘मॅडम, विंडोजला सीडी घातली की चालतंय, तुमच्या ह्याला काय घालायचं?’’ असे त्यांनी विचारले आणि मला उत्तर सुचले नाही.

त्यांचा प्रश्न रास्त होता. विंडोजवर वाढलेल्या प्रत्येकाच्या मनात ड्रायव्हर, म्हणजे प्रणालीला उपकरण चालवता यावे म्हणून लागणारा छोटा प्रोग्रॅम, ही कार्डाच्या खोक्यातून येणारी वस्तू असते. युनिक्स कुळातील मुक्त प्रणालींत, म्हणजे फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी किंवा लिनक्समध्ये, बहुतेक ड्रायव्हर कर्नलबरोबरच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याबरोबरच, येतात. काही कर्नलमध्येच गुंफलेले असतात, तर काही मॉड्यूल म्हणून डिस्कवर पडून असतात आणि गरज लागली की चढवले जातात. त्यामुळे नवे कार्ड चालत नसेल तर ‘ड्रायव्हर कुठून उतरवू’ हा पहिला प्रश्न नसतोच. मशीनला कार्ड दिसते आहे का, दिसत असेल तर त्यावरची चिप कोणती आहे, त्या चिपला आपल्या कर्नलातील कोणता ड्रायव्हर आपली म्हणतो, आणि म्हणत नसेल तर का, या क्रमाने विचारावे लागते. मला हा क्रम ठाऊक नव्हता. मदरबोर्डाच्या खोक्यावरचे नाव मोबाइलवर शोधत मी तीन तास घालवले आणि भलत्याच प्रणालीसाठी असलेली एक झिप फाइल उतरवून बसले.

पुढे जाण्यापूर्वी एक खुलासा करते. या लेखात कमांड आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीत द्यायची असतात आणि त्यातली जवळजवळ सगळी अक्षरे लहान असतात.

कार्डाची ओळख पटवणे हा या कामाचा गाभा आहे. खोक्यावरच्या नावाला फारसा अर्थ नसतो, कारण कार्ड विकणारी कंपनी एक असते, चिप बनवणारी दुसरी असते, आणि त्याच नावाच्या कार्डात पुढच्या वर्षी वेगळी चिप बसवली जाऊ शकते. मी एकदा एकाच दुकानातून, एकाच दिवशी, सारख्या खोक्यांत घेतलेल्या दोन कार्डांवर दोन वेगळ्या चिप पाहिल्या आहेत. ड्रायव्हर चिपसाठी लिहिलेला असतो. पीसीआय जातीचे, म्हणजे मदरबोर्डाच्या विस्तारमार्गाला जोडलेले, प्रत्येक उपकरण आपल्या पोटात दोन क्रमांक बाळगते. पहिला उत्पादकाचा आणि दुसरा उपकरणाचा, दोन्ही चार-चार षोडशमान अंकांचे (० ते ९ आणि ए ते एफ). इंटेलचा उत्पादक क्रमांक ८०८६ आहे, आणि १९७८ साली बाजारात आलेल्या त्यांच्या प्रोसेसरचे नावही तेच असल्याने तो एकदा वाचला की विसरत नाही. रिअलटेकचा १०ईसी, ब्रॉडकॉमचा १४ई४. फ्रीबीएसडीवर हे क्रमांक ‘पीसीआयकॉन्फ’ या कमांडला ‘-एलव्ही’ जोडून दिसतात. तिच्या उत्तरात नेटवर्क जातीच्या ओळी शोधाव्यात आणि प्रत्येक ओळीचा पहिला शब्द नीट वाचावा. तिथे ‘आरई०’ किंवा ‘ईएम०’ असे नाव असेल तर त्या कार्डाला ड्रायव्हर मिळालेला आहे. ‘नन’ आणि पुढे आकडा असेल तर कार्ड दिसते आहे, परंतु त्याला कोणी वाली नाही. कार्डाची ओळच नसेल तर ड्रायव्हरच्या मागे लागू नये. अशा वेळी बायोसमध्ये (मशीन चालू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या मांडणीत) ऑनबोर्ड लॅन बंद करून ठेवलेले असते किंवा कार्ड स्लॉटमध्ये नीट बसलेले नसते.

हे शेवटचे कारण आमच्या भागात वाटते त्याहून अधिक वेळा निघते. हळदीच्या पेढीतला संगणक उघडला की आत सर्वत्र पिवळी भुकटी बसलेली असते. पंख्याच्या पात्यांवर ती दिसते, स्लॉटच्या फटीत दिसत नाही. मशीनची वीज काढून, केसच्या धातूला हात लावून, कार्ड सरळ वर उपसावे, त्याच्या सोनेरी दातांवरून शाळेतले साधे पांढरे खोडरबर हलक्या हाताने फिरवावे, चुरा ब्रशने झटकावा आणि कार्ड दोन्ही टोकांना सारखा दाब देऊन परत बसवावे. खोडरबरावर पिवळट-काळी रेघ उमटली की आपले निदान बरोबर होते असे समजावे.

माझ्या बाबतीत मात्र कार्ड दिसत होते. क्रमांक १०ईसी आणि ८१६८, म्हणजे रिअलटेकची त्या काळी जवळजवळ प्रत्येक स्वस्त मदरबोर्डावर आढळणारी गिगाबिट चिप. फ्रीबीएसडीच्या ‘आरई’ या ड्रायव्हरच्या माहितीपानात ही जात नोंदलेली होती. (माहितीपुस्तिकेचा चौथा विभाग उपकरणांचा असतो, ‘मॅन ४ आरई’ अशी कमांड दिली की तो ड्रायव्हर कोणत्या चिप चालवतो याची यादी हार्डवेअर या मथळ्याखाली मिळते. नव्या माणसाने इंटरनेटवर शोधण्यापूर्वी हे पान वाचावे, कारण ते आपल्या मशीनवरील आवृत्तीसाठीच लिहिलेले असते आणि नेटवर्क नसतानाही उघडते.) तरीही कार्ड चालत नव्हते. शेवटी रात्री नऊच्या सुमारास मला ‘डीमेसेज’ ही कमांड आठवली; डी, एम, ई, एस, जी अशी तिची अक्षरे आहेत आणि मशीन चालू होताना कर्नल जे जे बोलले ते ती पुन्हा दाखवते. तिथे ‘आरई०’ च्या नावासमोर स्वच्छ लिहिले होते, की हार्डवेअरची आवृत्ती अनोळखी आहे. पुढे ‘४सी’ आणि सहा शून्ये असा आकडा, आणि खालच्या ओळीत ड्रायव्हर जोडताना ६ हा त्रुटिक्रमांक परत आल्याची नोंद. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. मशीन पहिल्या मिनिटापासून कारण सांगत होते आणि मी मोबाइलवर शोधत होते.

तो आकडा समजून घेण्यासारखा आहे. चिपचा पीसीआय क्रमांक तोच ठेवून उत्पादक तिच्या आत बदल करत राहतो आणि चिपच्या एका रजिस्टरमध्ये, म्हणजे आतल्या छोट्या नोंदकप्प्यात, निराळा आवृत्तिक्रमांक नोंदवतो. ड्रायव्हर आधी पीसीआय क्रमांक पाहून चिप जवळ करतो, मग आतला आवृत्तिक्रमांक वाचतो, आणि तो आपल्या यादीत नसेल तर माघार घेतो. हे योग्यच आहे, कारण अनोळखी चिपला जुन्या पद्धतीने हाताळले तर डेटा खराब होण्याचा धोका असतो. म्हणजे माझी चिप ड्रायव्हरपेक्षा वयाने लहान होती. अशा वेळी तीन मार्ग असतात: प्रणालीची नवी आवृत्ती चढवणे, उत्पादकाने स्वतः दिलेला ड्रायव्हर वेगळा बसवणे, किंवा ज्याचा ड्रायव्हर आपल्याकडे आहे असे दुसरे कार्ड लावणे. मी तिसरा मार्ग घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी ओळखीच्या दुकानातून इंटेल चिपचे एक वापरलेले कार्ड आणले, ते ‘ईएम०’ या नावाने लगेच उभे राहिले आणि अकराच्या आत पेढीचे काम सुरू झाले. शिकण्याच्या दृष्टीने ही पळवाट होती, हे मान्य आहे. परंतु ज्यांचा सौद्याचा दिवस खोळंबला आहे त्यांच्या मशीनवर आपण शिकू नये, असे माझे मत तेव्हा बनले आणि आजही आहे.

उत्पादकाचा ड्रायव्हर बसवण्याचा मार्ग मी नंतर घरच्या मशीनवर करून पाहिला. फ्रीबीएसडीमध्ये रिअलटेकसाठी असा वेगळा मॉड्यूल पॅकेज म्हणून मिळतो. तो बसवल्यावर ‘बूट’ निर्देशिकेतील ‘लोडर डॉट कॉन्फ’ या फाइलीत दोन ओळी घालाव्या लागतात. एक मॉड्यूल चढवण्याची आणि दुसरी त्याचा पूर्ण पत्ता सांगण्याची. दुसरी ओळ विसरली तर कर्नलबरोबर आलेला जुना ड्रायव्हरच पुढे सरसावतो, आणि आपण नवा ड्रायव्हर निकामी आहे असा निष्कर्ष काढून मोकळे होतो. ज्यांना ड्रायव्हर आतून कसा असतो हे पाहायचे आहे त्यांनी बिल पॉल यांनी फ्रीबीएसडीसाठी लिहिलेल्या, रिअलटेक ८१३९ या जुन्या चिपच्या ड्रायव्हरची सुरुवातीची टिप्पणी वाचावी. पाठवायच्या डेटाचा मेमरीतला पत्ता चारच्या पटीत असावा असा त्या चिपचा हट्ट असल्याने प्रत्येक पॅकेट आधी दुसरीकडे उतरवून घ्यावे लागते, आणि स्वस्त कार्ड प्रोसेसरला का दमवते हे तिथे सी भाषा फारशी येत नसली तरी कळते.

लिनक्सवर विचार तोच, शब्द वेगळे. ‘एलएसपीसीआय’ या कमांडला ‘-एनएनके’ जोडले की चौकटी कंसात दोन्ही क्रमांक आणि खाली वापरात असलेल्या ड्रायव्हरचे नाव दिसते. येथे आणखी एक पात्र येते, ते म्हणजे फर्मवेअर: ड्रायव्हरने चिपमध्ये उतरवायची छोटी फाइल. ती सापडली नाही तर ‘डीमेसेज’मध्ये त्या फाइलीच्या नावासह त्रुटी उणे २ दिसते, जिचा अर्थ फाइल अस्तित्वात नाही एवढाच आहे. वायरचे रिअलटेक कार्ड पुष्कळदा या फाइलीवाचूनही चालते. वायफायची बहुतेक कार्डे अडून बसतात. पूर्वी डेबियन या लिनक्स वितरणाच्या अधिकृत सीडीवर अशा फाइली नसत आणि नवशिक्यांचा पहिला दिवस त्यातच जाई. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून त्या सोबतच मिळतात. बाहेरचा मॉड्यूल स्वतः बांधायचा असेल तर चालू कर्नलशी तंतोतंत जुळणाऱ्या हेडर फाइली (कर्नलची रचना सांगणाऱ्या) हव्यात. ‘यूनेम -आर’ने आवृत्ती पाहावी आणि डीकेएमएस वापरावे, म्हणजे कर्नल अद्ययावत झाल्यावर मॉड्यूल आपोआप पुन्हा बांधला जातो. मॉड्यूल बिनचूक बांधला जाऊनही चढवताना किल्ली नाकारल्याचा संदेश आला तर ते सिक्युअर बूटचे, म्हणजे ओळखीच्या किल्लीची सही नसलेला कोड अडवणाऱ्या सोयीचे, काम असते; आपली किल्ली नोंदवावी लागते किंवा बायोसमधून ते बंद करावे लागते.

या सगळ्यासाठी लागणारी फाइल नेटवर्क नसलेल्या मशीनवर आणायची कशी, हा आधी कोंबडी की आधी अंडे असा पेच आहे, आणि मला तो सोडवायला फार दिवस लागले. अँड्रॉइड फोन यूएसबी वायरने जोडून टेदरिंग, म्हणजे फोनचे इंटरनेट मशीनला देण्याची सोय, चालू करावे. लिनक्सवर तो बहुधा आपोआप नेटवर्क कार्ड म्हणून उभा राहतो. फ्रीबीएसडीवर ‘यूआरएनडीआयएस’ हा मॉड्यूल चढवला की ‘यूई०’ दिसते आणि त्यावर आयपी पत्ता मागणारे ‘डीएचक्लायंट’ चालवले की काम होते. माझ्या पिशवीत पेचकसाबरोबर डेटा वाहून नेणारी चांगली यूएसबी वायर कायम असते. केवळ चार्जिंगच्या वायरीने एकदा अर्धा तास खाल्ला आहे.

ड्रायव्हर जोडला गेला, तरीही आयपी पत्ता मिळत नाही, अशा वेळी नवशिके पुन्हा ड्रायव्हरकडेच वळतात. आधी ‘आयएफकॉन्फिग’ या कमांडच्या उत्तरात स्थितीची ओळ वाचावी. तिथे ‘नो कॅरियर’ असेल तर वायरीत सिग्नलच नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? गिगाबिट कार्ड १०० मेगाबिटवरच अडकले असेल तर वायर तपासावी, कारण १०० मेगाबिटला वायरीतल्या तारांच्या चारपैकी दोनच जोड्या पुरतात (१, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या पिना), गिगाबिटला चारही लागतात. गोदामाच्या बाजूने गेलेल्या वायरीतली एखादी जोडी उंदराने तोडली, की नेट चालते पण रडत चालते.

कार्ड बदलल्यावर नाव बदलते, हेही ध्यानात ठेवावे. फ्रीबीएसडीत कार्डाला ड्रायव्हरचेच नाव मिळते. म्हणून ‘आरई०’ जाऊन ‘ईएम०’ आले की ‘आरसी डॉट कॉन्फ’मधील (मशीन चालू होताना वाचल्या जाणाऱ्या मांडणीच्या फाइलीतील) जुन्या नावाची ओळ आणि फायरवॉलचे नियम निरर्थक होतात. लिनक्समध्ये हल्ली नाव स्लॉटच्या जागेवरून ठरते, त्यामुळे दुसरेच एखादे कार्ड घातल्यानेही ते सरकू शकते. अशीच एक ओळ दुरुस्त करताना मी मिरजेतून, एसएसएचने (दूरच्या मशीनवर काम करण्याच्या सोयीने) जोडलेली असताना, चालू असलेले कार्डच खाली केले. पडदा गोठला. भर दुपारी सांगलीपर्यंत जाऊन एक कमांड देऊन परत आले. दूरवरून कार्डाला हात लावायचाच असेल तर दहा मिनिटांनी मशीन जुन्या मांडणीसह पुन्हा चालू होईल अशी व्यवस्था आधी करावी, आणि सगळे नीट झाले की ती रद्द करावी.

सरावासाठी व्हर्च्युअलबॉक्स (मशीनच्या आत भासमान मशीन चालवणारा प्रोग्रॅम) पुरते, मात्र त्यातले कार्ड मुळात इंटेलचे भासवलेले असते आणि काहीही न करता चालते, म्हणून त्यावर शिकलेल्यांना ड्रायव्हरचा प्रश्न कधी भेटतच नाही. सेटिंगमध्ये जाऊन ते व्हर्टआयओ, म्हणजे भासमान मशीनसाठीच बनवलेल्या जातीचे, करावे. ‘ईएम०’ नाहीसे होऊन ‘व्हीटीनेट०’ येते आणि जुनी मांडणी कोलमडते. ती कोणाला न विचारता पुन्हा उभी करावी. कुपवाडच्या एमआयडीसीत माझ्या हाताखाली काम करण्यासाठी येणाऱ्या मुलांना मी पाठ केलेल्या कमांड विचारत नाही. चालत नसलेले मशीन समोर ठेवते आणि ती पहिल्यांदा काय वाचतात ते पाहते.

अडत पेढीचे काम त्या दिवशी अकराला संपले असे मी समजले होते. संध्याकाळी वीज गेली, आली, आणि दिवाणजींचा फोन आला की पुन्हा तेच. मी आयपी पत्ता हाताने दिला होता, तो ‘आरसी डॉट कॉन्फ’मध्ये लिहिलाच नव्हता. आता निघण्यापूर्वी मी मशीन स्वतः बंद करून चालू करते, मॉनिटरची वायर काढते, आणि दिवाणजींना त्यांच्या टेबलावरून हिशेबाची खिडकी उघडायला सांगते.