ग्रामपंचायतीचा अर्थसंकल्प रखडलाय? तक्रार करताना या चुका टाळा

‘ग्रामपंचायतीने अर्थसंकल्प मंजूर केला नाही, संबंधितांवर कारवाई व्हावी.’ असे अर्ज पंचायत समितीत फायलीला लागतात आणि तिथेच राहतात. संबंधित म्हणजे नेमकं कोण, हेच अर्जात नसतं. सरपंच-सदस्यांवर आणि सचिवावर कारवाई करणारे अधिकारी वेगळे आहेत, नियमही वेगळे.

काम कुठे अडलं, ते न पाहताच तक्रार

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 62 मध्ये अर्थसंकल्पाची तरतूद आहे. नमुना 1 मध्ये, म्हणजे अर्थसंकल्पाच्या ठरावीक तक्त्यात, मांडणी, सभेची मंजुरी, मग पंचायत समितीकडे रवानगी. गाडी कुठे थांबली हे चार कागदांवरून कळतं: नमुना 1, सभेची नोटीस व विषयपत्रिका, प्रोसिडिंग बुकातला ठराव आणि जावक नोंदवहीतली नोंद. विषय पत्रिकेवर होता, पण कोरम न झाल्याने सभा तहकूब झाली असेल, तर सचिवाला धरून उपयोग नाही. नमुना 1 सभेपुढे आलाच नसेल, तर पहिला प्रश्न सचिवालाच. ठराव आहे पण जावक क्रमांक नाही? मग कागद कार्यालयातच पडून आहे.

हे कागद माहिती अधिकारात मागा. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. ‘अर्थसंकल्प का केला नाही?’ असं विचारू नका. कारणमीमांसा करायला जनमाहिती अधिकारी बांधील नाही, आणि अर्ज तेवढ्यावरच निकाली निघतो. ‘अमुक वर्षाच्या नमुना 1 ची साक्षांकित प्रत’ मागा. ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असं लेखी उत्तर आलं, तर तोच तुमचा सर्वांत भक्कम पुरावा. 30 दिवसांत उत्तर नाही आलं, तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा.

चुकीच्या टेबलावर अर्ज

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. कर्तव्यातली हयगय किंवा वारंवार कसूर यासाठी सरपंच, उपसरपंच, सदस्यांना पदावरून दूर करण्याची तरतूद कलम 39 मध्ये आहे. निर्णय विभागीय आयुक्तांचा. त्याआधी जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडून चौकशी होते आणि संबंधिताला नोटीस व म्हणणं मांडण्याची संधी द्यावीच लागते. ती घाईत उरकली, तर आदेश पुढे टिकत नाही. लोक मात्र हाच अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे देतात, कारण कलम 14 खालची अपात्रतेची प्रकरणं तिथे चालतात. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

सचिव, म्हणजे जुन्या भाषेत ग्रामसेवक, कलम 39 मध्ये बसत नाही. तो जिल्हा परिषदेचा कर्मचारी. त्याच्यावर 1964 च्या जिल्हा सेवा (शिस्त व अपील) नियमांनुसार कारवाई होते. अर्ज गटविकास अधिकाऱ्यांमार्फत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना द्या.

पोलीस ठाण्यात तर जाऊच नका. अर्थसंकल्प न करणं हा एवढ्यावरून फौजदारी गुन्हा होत नाही. पैशांचा अपहार दिसत असेल, तर ती वेगळी तक्रार.

विकास आराखड्यालाच अर्थसंकल्प समजणं

ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी पोर्टलवर आराखडा दिसला, म्हणजे अर्थसंकल्प झाला असं नव्हे. आराखड्यात कामं असतात. करवसुली, पगार, वीजबिल यांचा हिशेब नमुना 1 मध्येच.

फक्त ‘मंजूर’ शिक्का पाहणं

गेल्या वर्षीचाच कागद, आकडे थोडे फिरवलेले, हा प्रकार सर्रास चालतो. नमुना 1 मधला अंदाज आणि नमुना 3 मधला प्रत्यक्ष जमाखर्च, तीन वर्षांचे शेजारी ठेवा. दरवर्षी 4 लाख करवसुली दाखवून हातात दीडच लाख येत असतील, तर तो अंदाज कागदापुरताच. राखीव खर्चही तपासा: स्वउत्पन्नाच्या 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी. 4 लाखांवर ते अनुक्रमे 60, 40 आणि 20 हजार होतात. ‘इतर खर्च’ नावाच्या ओळीत ते विरघळलेत का, तेही बघा.

थेट हायकोर्ट

राज्यघटनेच्या कलम 226 खाली परमादेश, म्हणजे कर्तव्य पार पाडण्याचा न्यायालयाचा आदेश, मागता येतो, पण आधी लेखी मागणी केली होती का आणि तिचं काय झालं, हे न्यायालय पाहतं. म्हणून प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि सही-शिक्का घ्या. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो पोच म्हणून पुढे करायची वेळ आणू नका.