शिकारी पक्ष्यांच्या निरीक्षणाला गटाने जाताना

पक्षीनिरीक्षणाला पहाटेच निघावे, हा नियम शिकारी पक्ष्यांसाठी थोडा बाजूला ठेवावा लागतो. ऊन चढून जमिनीलगतची हवा तापली आणि वर जाऊ लागली, की गरुड, गिधाडे आणि घारी त्या हवेच्या आधाराने, पंख जवळजवळ न हलवता, घिरट्या घेत उंची गाठतात. म्हणून सकाळी ९ ते १२ ही वेळ राखून ठेवावी आणि चहूबाजूंना मोकळे आकाश दिसेल अशा टेकाडावर गटाने एकाच जागी बसावे. दिवसभराच्या पायपिटीपेक्षा यातून पुष्कळ अधिक हाती लागते. ८×४२ ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरेशी असते. मात्र पक्ष्याचा माग काढताना ती चुकूनही सूर्याकडे जाऊ देऊ नये.

उंचावरच्या पक्ष्याचा रंग बहुधा दिसत नाही, दिसते ती काळी आकृती. तेव्हा ओळख आकारावरून आणि उडण्याच्या ढंगावरून करावी. घारीची शेपटी टोकाशी दुभंगलेली असते आणि वळताना ती सुकाणूसारखी एका अंगाला कलते. हे एकदा नीट पाहिले, की घार ओळखण्यात सहसा चूक होत नाही. ससाण्याचे पंख टोकदार, तर शिक्र्याचे आखूड व गोलसर असतात. कापशी ही लहान घार हवेत एकाच जागी पंख फडफडवत खालचा उंदीर हेरते. पक्षी ओळखण्याचे पुस्तक उघडण्यापूर्वी प्रत्येकाने आपले निरीक्षण वहीत लिहावे, नाहीतर सगळा गट पहिल्या बोलणाऱ्याचेच ऐकतो.

घरट्याच्या बाबतीत कोणतीही सवलत नसावी. पक्षी ओरडू लागला किंवा घरट्यावरून उठला, तर आपण फार जवळ आलो आहोत असे समजून त्याच क्षणी मागे फिरावे, कारण उघड्यावर पडलेली अंडी आणि पिल्ले उन्हात फार काळ तग धरत नाहीत. घरट्याचे ठिकाण कोठेही जाहीर करू नये. छायाचित्रात मोबाइल आपोआप साठवतो ती स्थाननोंदही बंद करावी.

जाती, संख्या, वेळ आणि जागा यांची नोंद दर वर्षी त्याच ठिकाणी, त्याच हंगामात ठेवावी. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात पक्षीशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनी जुन्या-नव्या मोजण्या ताडून पाहिल्या, तेव्हा गिधाडांची घसरण स्पष्ट झाली. पुढे गुरांना दिले जाणारे आणि त्यांच्या मृतदेहांतून गिधाडांच्या पोटात जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध त्याला कारणीभूत असल्याचे सिद्ध झाले आणि २००६ साली भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. म्हणून मेलेल्या पक्ष्याचीही नोंद करावी. तो विजेच्या खांबाखाली आढळल्यास खांबाचा क्रमांक टिपून वीज कार्यालयाला कळवावा. जनावराच्या मृतदेहाजवळ अनेक पक्षी मरून पडले असतील, तर विषाचा संशय धरून कशालाही हात न लावता वनविभागाला बोलवावे.

जखमी पक्षी सापडल्यास त्याच्यावर जाड टॉवेल टाकून आधी पाय धरावेत, कारण खरी इजा चोचीपेक्षा नख्यांनी होते. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात आणि शांततेत ठेवून, खाऊपिऊ न घालता, त्याला लवकरात लवकर उपचार केंद्रात पोहोचवावे.