घोड्याची पागा, आपलं वर्कशॉप : या चुका टाळा

कोल्हापूरच्या आसपास जुन्या वाड्यांच्या परड्यात, मळ्यातल्या घरांशेजारी अजूनही पागा उभ्या आहेत. घोडी गेली, टांगे गेले. आता आत सरपण, फुटकी कौलं आणि मोडका नांगर असतो. ज्याच्या हाताला लोखंडा-लाकडाची सवय आहे, त्याला अशी जागा बघून वाटतंच की इथं लोखंड कातायचं लेथ मशीन बसेल, तिथं सुताराचं टेबल, कोपऱ्यात वेल्डिंग. मलाही वाटलं. करवीर तालुक्यातल्या आमच्या पाच ठाणांच्या, म्हणजे पाच घोडी बांधायच्या जागांच्या, पागेचं मी वर्कशॉप केलं. पुढं नात्यागोत्यातल्या आणखी दोन पागांच्या कामात मदत केली. सगळीकडं त्रास एकाच ठिकाणाहून आला : पागा घोड्यासाठी बांधलेली असते, हे आम्ही विसरलो होतो.

जमिनीला उतार असतो तो मूत वाहून जावं म्हणून. झरोके उंचावर असतात ते घोड्याच्या अंगावर थेट वारा येऊ नये म्हणून. जमीन खुरांना सोसेल अशी मऊ. बांधणाऱ्यानं सगळं विचारानं केलेलं असतं, पण मशीनला यातलं जवळजवळ काहीच चालत नाही.

पाऊस नसतानाही भिंत ओली : छपराला दोष देऊ नका

सगळ्यात महागाची चूक ही, म्हणून हिच्यावर जास्त बोलतो.

आमच्या पागेत पहिल्या पावसाळ्यात भिंतीचा खालचा तीन-साडेतीन फुटांचा पट्टा काळपट ओला झाला. कौलं परतून घेतली. तरी ओल. पन्हळ बदलली. तरी ओल. मग गवंड्याच्या सल्ल्यानं चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा मारला आणि वर वॉटरप्रूफ रंग दिला. पुढच्या पावसाळ्यात ओल सहा फुटांवर पोचली आणि गिलाव्याचे पापुद्रे हाताएवढे सुटून खाली आले. लेथचा बेड, म्हणजे मशीनचा लांब लोखंडी पाट, तेल लावूनही आठवड्यात तांबूस व्हायचा.

कारण भिंतीच्या पोटात होतं. पिढ्यान्‌पिढ्या जमिनीत घोड्याचं मूत मुरलेलं असतं. त्यातल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात, दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, आणि भिंतीतला चुना भेटला की कॅल्शियम नायट्रेट तयार होतं. यालाच आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो. जुन्या काळी पागेतली माती धुऊन, राखेच्या पाण्यानं तिच्यातून सोरा (पोटॅशियम नायट्रेट) काढत, आणि तोफेच्या दारूत चार भागांतले साधारण तीन भाग सोराच असे. तेवढा क्षार त्या मातीत असतो.

हा क्षार हवेतलं पाणी ओढतो. साध्या मिठाला पाणी सुटायला हवेत ७५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते. कॅल्शियम नायट्रेटला ५० टक्क्यांच्या आसपासच सुटतं. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवा कशी असते ते सांगायला नको. म्हणजे छप्पर एक थेंब गळत नसलं तरी भिंत ओलीच राहणार.

दोष कुठला आहे ते असं ओळखा. ओल खालून तीन-चार फुटांच्या पट्ट्यातच आहे का, आणि दोन ठाणांमधल्या आतल्या भिंतीलाही आहे का, ते बघा. आतल्या भिंतीवर पाऊस पडत नाही, तेव्हा तिथली ओल छपराची नाही. मग फूटभर ॲल्युमिनियमची फॉइल भिंतीवर लावून चारही कडा चिकटपट्टीनं बंद करा आणि दोन दिवस ठेवा. पाणी फॉइलच्या मागं जमलं तर ते भिंतीतून येतंय, पुढच्या अंगाला जमलं तर हवेतलं आहे. शेवटची तपासणी भिंतीवर फुटणाऱ्या पांढऱ्या पावडरीची. ती थोडी खरवडून स्वच्छ पाण्यात विरघळवा आणि शोभेच्या माशांच्या दुकानात नायट्रेट तपासायच्या पट्ट्या मिळतात, त्यातली एक बुडवा. आमची पट्टी क्षणात गडद झाली. हे पहिल्याच वर्षी केलं असतं तर सिमेंटच्या गिलाव्याचे आणि रंगाचे पैसे वाचले असते.

उपाय सावकाशीचा आहे. सिमेंट आणि वॉटरप्रूफ रंग पूर्ण काढायचा, कारण ते ओल आतच कोंडतात आणि ती वर चढते. सुटे क्षार कोरड्या ब्रशनं झाडून बाहेर न्यायचे. पाण्यानं धुवायचे नाहीत, धुतले की ते परत आत मुरतात. मग दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की, चुना-वाळूचा गिलावा करायचा. हा पहिला गिलावा भिंतीतले क्षार स्वतःत ओढून घेण्यासाठीच असतो. एक-दोन वर्षांत तो फुगेल, खडबडीत होईल, तेव्हा तो काढून दुसरा करायचा. गवंडी म्हणतील, सिमेंटनं एकदाच संपवू. ऐकू नका. आणि लोखंडाचं कोणतंही कपाट किंवा मशीन भिंतीपासून हातभर तरी लांब ठेवा.

जमीन : खणायच्या आधी दवाखान्यात जा

हे मी हात जोडून सांगतो. घोड्याच्या लिदीत आणि पागेच्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात आणि ते मातीत वर्षानुवर्षं टिकतात. घोडं जाऊन चाळीस वर्षं झाली असली तरी. खिळा, पत्रा, जुना नाल पायात घुसायला अशा मातीत वेळ लागत नाही. खणणाऱ्या प्रत्येकानं, मजुरांनीसुद्धा, लस घेतली आहे का ते आधी विचारा.

वरची काळी माती फूट-दीड फूट काढून टाकावी लागते, नाहीतर वर कितीही चांगला कोबा केला तरी क्षार खालून येत राहतात. ती माती फेकू नका, उसाच्या शेतात न्या. तिच्यात नत्र भरपूर असतं. आमच्या चुलत्यांनी चार ट्रॉल्या आनंदानं नेल्या.

पण भिंतीच्या कडेला सरसकट चर मारू नका. जुन्या पागांचा पाया कितीतरी वेळा दोन फूटही खोल नसतो, आणि दगड मातीतच बसवलेले असतात. कडेची माती तीन-तीन फुटांच्या तुकड्यांत, एक आड एक काढायची, भरायची, मग पुढचा तुकडा. पायाच्या तळाखाली कधीच जायचं नाही.

दुसरी चूक म्हणजे जुन्या उतारावरच कोबा ओतणं. ठाणाच्या मागच्या बाजूला मोरीकडं उतार असतो, डोळ्याला तो जाणवतही नाही. सहा फुटी लेथ त्यावर पाचरी मारून बसवला तर काही महिन्यांत बेडला पीळ पडतो आणि शाफ्ट एका टोकाला जाड येऊ लागतो. मग लोक मशीनला दोष देतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांतून घेतलेली दोन मशीनं अशी नाहक परत गेलेली मला माहीत आहेत. सोलिंग (दगडांचा थर), मुरूम आणि त्यावर सपाट काँक्रीट करा. लेथखाली वेगळा जाड चौथरा, बाकीच्या जमिनीपासून आणि भिंतीपासून सुटा. काँक्रीटला निदान सात दिवस पाणी मारा आणि २८ दिवस झाल्याशिवाय वर जड मशीन चढवू नका. मध्यभागी प्लास्टिक अंथरून काँक्रीट करायचं असेल तर भिंतीलगत वीतभर पट्टी खडीची मोकळी सोडा, नाहीतर जमिनीतली सगळी ओल भिंतीकडं ढकलली जाते.

माळा आणि तुळया

वैरणीचा माळा म्हणजे वैरणीचाच. एक घनफूट लोखंड सव्वादोनशे किलोच्या आसपास भरतं; वैरणीशी त्याची तुलनाच नाही. तिथं अँगल आणि पाइप रचू नका. तुळईला चेन पुली बांधून इंजिन उचलण्याचा मोह तर प्रत्येकाला होतो. तुळई मधोमध ठणठणीत दिसते, कुजते ती भिंतीत गेलेल्या टोकाला, जिथं लोणा आणि वाळवी दोन्ही पोचतात. टोकापाशी स्क्रू ड्रायव्हर खुपसून बघा, हातोडीनं वाजवून बघा. बद्द आवाज आला तर आधी धिरे लावा, मग पुढचं बोला. वजन उचलायला जमिनीवर उभी राहणारी वेगळी लोखंडी चौकट करा.

माळ्यावर आणि कौलांखाली सापटीत जुनी वैरण अडकलेली असते. ती पूर्ण काढल्याशिवाय आत वेल्डिंग करू नका. ठिणगी भुशात पडली की लगेच भडकत नाही, आतल्या आत धुमसते. काम संपल्यावर निदान अर्धा तास तिथं थांबा. याच कारणासाठी लाकूडकाम आणि वेल्डिंग एका खोलीत नकोच. पागेत ठाणांच्या मधल्या भिंती आयत्या असतात, त्या पाडू नका.

मागं कुणी कौलं काढून सिमेंटचे पत्रे घातले असतील तर जपा. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. ते ग्राइंडरनं कापू नका, फोडू नका. ओले करून, अख्खे उतरवा.

उजेड

उंच झरोक्यांतून उजेड छतावर पडतो, हातावर नाही. म्हणून लोक भिंतीत मोठी खिडकी फोडतात आणि मातीत बांधलेली भिंत बसते. आधी काचेची कौलं लावा, उत्तरेच्या पाखीवर, म्हणजे छपराच्या उत्तरेकडच्या उतारावर. वर्षाचा बराच काळ उत्तरेचा उजेड शांत असतो. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळं मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडं असतो. पावसाचे ढग बरंच झाकतात, पण मे महिन्यात त्या कौलांखाली कापडाचा पडदा लागतो.

दिव्यांची एक चूक जिवावर बेतू शकते. जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, हलक्या प्रतीचे एलईडीसुद्धा. लेथवर काम धरून फिरवणारा चार जबड्यांचा चक मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरत असेल तर सेकंदाला बरोबर १०० जबडे डोळ्यासमोरून जातात आणि चक थांबल्यासारखा दिसतो. तिथं हात जातो. मशीनवर चांगल्या ड्रायव्हरचा, म्हणजे न लुकलुकणारा, एलईडी लावा किंवा साधा तारेचा बल्ब.

वीज

घरातली वायर ओढून पागेत नेऊ नका. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते. लांबच्या बारीक वायरवर व्होल्टेज पडतं, मोटर गुरगुरते आणि वाइंडिंग जळतं. लोक मोटर बदलतात, वायर तीच राहते. शेतीपंपाच्या थ्री फेजवर लेथ चालवणं तर थेट बेकायदा आहे. ज्या कामासाठी जोडणी घेतली त्याहून वेगळ्या कामाला वीज वापरणं २००३च्या वीज कायद्याच्या कलम १२६खाली अनधिकृत वापर ठरतं. महावितरणकडून वेगळी जोडणी घ्या. ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, बसवाच, कारण ओल्या क्षाराच्या भिंतीतून वीज सहज वाहते. अर्थिंगचा खड्डा मीठ-कोळसा घालून भिंतीलगत करतात, ही खास पागेतली चूक आहे : लोणा काढायला वर्षं घालवायची आणि पायाशी पुन्हा मीठ ओतायचं. खड्डा भिंतीपासून निदान पाच फूट दूर घ्या.

नदीकाठच्या गावात असाल तर बोर्डाची उंची जुन्या पुराच्या खुणेवरून ठरवा. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. तुमच्या पागेच्या भिंतीवर तेव्हाची रेघ असेल. तिच्याखाली एकही स्विच नको, आणि मशीनच्या मोटरी तासाभरात सोडवता येतील अशा बसवा.

कड्या कापू नका

भिंतीत आगाडी-पिछाडी, म्हणजे घोड्याला पुढून-मागून बांधायचे दोर, अडकवायच्या लोखंडी कड्या असतात. आडव्या येतात म्हणून लोक त्या ग्राइंडरनं उडवतात. घडीव दगडाला भोक पाडून, वितळलेलं शिसं ओतून त्या बसवलेल्या असतात. कापताना शिशाची धूळ छातीत जाते. शिवाय मातीच्या सांध्यांच्या भिंतीत आजचा एकही फास्टनर नीट धरत नाही, ती कडी मात्र धरते. गॅसचा आणि ऑक्सिजनचा सिलिंडर उभा, साखळीनं बांधलेला असावा लागतो. आमच्याकडं तिसऱ्या ठाणाच्या कडीला तो बांधलेला आहे. कडी हलते का ते मी दर दिवाळीला ओढून बघतो.