जुन्या इंजिनातील जाम बोल्ट न तोडता कसे सोडवावेत

अनेक वर्षे न उघडलेल्या इंजिनाचे काम करताना बोल्ट सुटत नाही यापेक्षा तो तुटतो ही अडचण फार मोठी असते. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा बरीच अधिक जागा व्यापतो, त्यामुळे आट्यांमधील बारीक फट पूर्ण भरून जाते आणि बोल्ट पाचर मारल्यासारखा घट्ट बसतो. अशा बोल्टवर लांब दांड्याने एकदम जोर लावला, तर आटे सुटण्याआधी त्याची मानच पिळवटून तुटते.

प्रथम तारेच्या ब्रशने बोल्टचे डोके आणि उघडे दिसणारे आटे स्वच्छ करावेत. त्यानंतर पान्याचे माप नीट तपासावे, कारण जुन्या ब्रिटिश मोटारींमध्ये व्हिटवर्थ आणि बीएसएफ या इंचांवर आधारित जुन्या मापांचे बोल्ट आढळतात आणि त्यांवर मिलिमीटरचा जवळपास बसणारा पाना चढवला की कोपरे गोल होतात. बारा कोनी सॉकेटपेक्षा सहा कोनी सॉकेट वापरावे; ते कोपऱ्यांऐवजी सपाट बाजूंवर दाब देते.

आता पेनिट्रेटिंग ऑइल (गंजात झिरपणारे पातळ तेल) सोडावे आणि घाई न करता ते रात्रभर मुरू द्यावे. मध्ये दोन-तीन वेळा पुन्हा तेल सोडून बोल्टच्या डोक्यावर हातोडीने सरळ, नेमके ठोके मारावेत. त्या धक्क्यांनी गंजाला सूक्ष्म तडे जातात आणि तेलाला आत शिरायला वाट मिळते. मात्र कास्ट आयर्न ठिसूळ असते, म्हणून ठोका बोल्टवरच बसला पाहिजे, भोवतालच्या भागावर नव्हे.

तेलाने काम झाले नाही, तर उष्णता द्यावी. माझ्या मते इतका खात्रीचा उपाय दुसरा नाही, परंतु इतका धोक्याचा उपायही दुसरा नाही. बॅटरी काढावी, पेट्रोलची नळी आणि टाकी दूर असल्याची खात्री करावी, तेलाचे अंश पुसून घ्यावेत आणि अग्निशामक हाताशी ठेवावा. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेल्या जागेवर ज्योत कधीही धरू नये, कारण त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू निर्माण होऊ शकतो. ज्योत बोल्टवर न धरता नटवर किंवा भोवतालच्या धातूवर धरावी, म्हणजे भोक प्रसरण पावते आणि पकड ढिली होते. इंजिनाचे हेड (सिलिंडरांवरचे झाकण) ॲल्युमिनियमचे असल्यास विशेष सांभाळावे: ॲल्युमिनियम पोलादाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावत असल्याने थोडी उष्णताही पुरते, पण शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला आणि हेडचे मिश्रधातू त्याहूनही कमी तापमानाला वितळतात, आणि ते त्यापूर्वी लाल होऊन इशारा देत नाही. तापलेल्या आट्यांना मेणबत्तीचे मेण लावल्यास ते वितळून आत ओढले जाते आणि वंगणाचे काम करते.

सोडवताना आधी बोल्ट किंचित आवळण्याच्या दिशेने हलवावा. गंजाचा सांधा तुटल्याचा बारीक 'टक' आवाज पुष्कळदा त्याच वेळी येतो. मग पाव फेरा बाहेर, थोडा आत, पुन्हा बाहेर, असे करत तेल देत राहावे. हाताला कडकपणा जाऊन रबरासारखा लवचिकपणा जाणवू लागला, तर बोल्ट फिरत नसून पिळला जात आहे असे समजून तत्काळ थांबावे आणि पुन्हा उष्णतेकडे वळावे. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातील धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) स्टडबाबत, म्हणजे डोके नसलेल्या बोल्टबाबत, ही खबरदारी सर्वाधिक लागते, कारण वर्षानुवर्षे तापून-निवून ते कमकुवत झालेले असतात.

तरीही स्टड तुटला आणि थोडा बाहेर राहिला, तर त्यावर नट वेल्ड करणे उत्तम; वेल्डिंगची उष्णताच अर्धे काम करते. पृष्ठभागाशी सपाट तुटला असेल, तर नेमका मध्य पंचाने खुणावून उलट्या दिशेने फिरणाऱ्या (लेफ्ट-हँड) ड्रिल बिटाने छिद्र पाडावे. एक्स्ट्रॅक्टर (तुटलेल्या बोल्टच्या छिद्रात उलटा फिरवून घुसवायचे हत्यार) शक्यतो टाळावा. तो अतिशय कठीण व ठिसूळ असतो आणि आत तुटला तर साध्या ड्रिलने निघत नाही.

जोडणी करताना टॅपने (आटे पाडण्याच्या हत्याराने) आटे साफ करून अँटी-सीझ (बोल्ट पुन्हा जाम होऊ न देणारे) ग्रीस लावावे आणि मॅन्युअलमधील टॉर्क (बोल्ट आवळण्याचा जोर) कोरड्या आट्यांसाठी असेल, तर तो कमी करावा. तळ बंद असलेल्या भोकात तेल साचू देऊ नये. बोल्ट आवळताना त्या तेलाच्या दाबाने ब्लॉकला तडा जाऊ शकतो.