कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधल्या दुकानाची शोकेस कशी लावायची

आधी काचेतला निम्मा माल काढा, वीस पायताणं कोंबली तर एकबी दिसत नाही. न्यूयॉर्कचं लॉर्ड अँड टेलर, 1826 चं दुकान, त्यांनी 1938 च्या ख्रिसमसला काचेत विकायचं काहीच ठेवलं नाही, नुसत्या सोनेरी घंटा हलत्या ठेवल्या, काय डेरिंग बघा! आपण एवढं नको, एकच जोड ठेवा, लाईट बाजूनं तिरका सोडा म्हणजे वेणी नि गोंडा उठून दिसतो, समोरनं मारला तर नुसती काच चमकते. आणि कारागिराचं नाव मोठ्या अक्षरात लावा (त्याला विचारून). त्या लॉर्ड अँड टेलरमधल्या डोरोथी शेव्हर बाईंनी 1932 ला पॅरिसच्या फॅशनचा नाद सोडून अमेरिकन डिझायनरची नावं पुढं आणली आणि 1945 ला त्याच दुकानाच्या प्रेसिडेंट झाल्या. किंमतीची चिठ्ठी बारीकच ठेवा, गिऱ्हाईक आत येऊन विचारतंय.