श्रीलंकेला जाताय? या चुका टाळा

एप्रिल लागला की नातेवाईक आणि ओळखीपाळखीच्यांचे फोन सुरू होतात. मे महिन्याची सुट्टी, पाच रात्री, सोबत आई-बाबा किंवा शाळकरी मुलं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली यादी: अनुराधापुरा, सिगिरिया, पोलोन्नारुवा, कँडी, नुवारा एलिया, एला, याला राष्ट्रीय उद्यान, गॉल. 'एवढं सगळं होईल ना?' नाही होत. आणि दरवर्षी हे सांगूनही निम्मे लोक तसंच करून येतात.

सगळ्यात मोठी चूक हीच. श्रीलंका नकाशावर इवलीशी दिसते. क्षेत्रफळ साधारण 65,600 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागाहूनही कमी. म्हणून लोक किलोमीटर मोजतात आणि फसतात. तिथे तास मोजायचे असतात. कोलंबो ते कँडी 115 किलोमीटर, पण तीन तासांच्या आत क्वचितच पोचता. कँडी ते नुवारा एलिया 75-80 किलोमीटर, पण घाटाची वळणं, पुढे लाल बस, मध्येच टुकटुक. अडीच-तीन तास धरा. लांब पल्ल्याचा द्रुतगती मार्ग आहे तो दक्षिणेकडे, गॉल-मातारा बाजूला. डोंगरात तसलं काही नाही.

पहिल्या खेपेला मी आईला घेऊन गेले होते. पाच रात्री, सात ठिकाणं. तिसऱ्या दिवशी सकाळी सिगिरिया, दुपारी पोलोन्नारुवा आणि रात्री कँडीत मुक्काम असं ठरवलं होतं. पोलोन्नारुवाला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. तिथल्या गल विहार या शिलामंदिराच्या चार मूर्ती एकाच अखंड खडकात कोरलेल्या आहेत. त्यातली निजलेल्या बुद्धाची मूर्ती सुमारे 14 मीटर लांब. आम्ही ती पंधरा मिनिटांत 'केली' आणि गाडीत बसलो. कँडीच्या रस्त्यावर आईला उलट्या सुरू झाल्या. रात्री साडेदहाला खोलीत शिरलो, तेव्हा दळदा मालिगावाची, म्हणजे बुद्धाच्या दंतधातूच्या मंदिराची, संध्याकाळची पूजा कधीच होऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघायचं होतं. ज्या मंदिरासाठी आईने हा प्रवास मनात धरला होता, ते तिने बाहेरूनच हात जोडून पाहिलं. त्याची रुखरुख मला अजून आहे.

दोन वर्षांनी पुन्हा गेले, तेव्हा गल विहारापुढे दीड तास बसले. मग दिसलं की दगडाच्या उशीला डोक्याच्या भाराने खळगा पडलाय, तोही दगडातच कोरलेला. आणि दोन पावलं अगदी जुळलेली नाहीत, वरचं पाऊल किंचित मागे आहे. हा निद्रिस्त बुद्ध नसून महापरिनिर्वाण आहे, ते त्या पावलावरून सांगतात. पंधरा मिनिटांत यातलं काहीही दिसत नाही.

माझी सवय सांगते. पाच-सहा रात्री असतील तर दोनच मुक्काम, फार तर तीन. सिगिरिया-दांबुला परिसरात दोन रात्री, कँडीत दोन, उरलेल्या रात्री समुद्राकाठी किंवा चहामळ्यात. अनुराधापुरा आणि याला एकाच सहलीत बसवू नका; एक बेटाच्या उत्तरेकडे, दुसरं पार आग्नेय टोकाला. 'पुन्हा कुठे येणार आपण' हे वाक्य मनातून काढा. मुंबईहून कोलंबोचं विमान अडीच तासांत पोचतं. पुन्हा जाता येतं.

दुसरी चूक खास आपली, कारण आपण सुट्टी पाहून निघतो, पाऊस पाहून नाही. श्रीलंकेला दोन मोसमी पाऊस आहेत. नैऋत्य मोसमी साधारण मे ते सप्टेंबर. तो गॉल, मिरिसा, उनावटुना, बेन्टोटा हा किनारा झोडपतो. ईशान्य मोसमी डिसेंबर ते फेब्रुवारी. तो पूर्व किनाऱ्यावर. मे अखेरीला मिरिसाला व्हेल पाहायला गेलेलं एक कुटुंब मला माहीत आहे. लाटांमुळे बोटच सुटली नाही, लाल बावटा पाहत दोन दिवस खोलीत बसले. तिकडचा व्हेलचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. मेमध्ये समुद्र हवाच असेल तर पूर्वेला जा: त्रिंकोमालीजवळचं निलावेली, पासिकुडा, आरुगम बे. त्रिंकोमालीला कड्यावरचं कोणेश्वरम शिवमंदिरही पाहून होतं, खाली थेट समुद्र. दिवाळीच्या सुट्टीत मात्र बेटभर कुठेही सरी येऊ शकतात. तेव्हा किनारा मुख्य धरू नका, जुनी नगरं धरा.

सिगिरियाचा उंच खडक दुपारी चढू नका. पायऱ्या 1,200च्या आसपास, वर सावली नाही, आणि वाटेतल्या सिंहशिल्पाच्या पंजांपासून पुढचा लोखंडी जिना अकरा वाजता हाताला चटका देतो. आई त्या पंजांपाशीच थांबली होती. पाचव्या शतकातल्या कश्यप राजाने या खडकाच्या माथ्यावर राजवाडा बांधला. तो पाहायचा तर पहाटे दार उघडताना रांगेत हवं. एक बाटली पाणी, टोपी, आणि पासपोर्ट. सार्क देशांच्या नागरिकांना तिकिटात सवलत असते आणि लोक पासपोर्ट हॉटेलात ठेवून येतात. गांधीलमाश्यांमुळे तिथे शांतता राखायच्या पाट्या आहेत. त्या शोभेच्या नाहीत. आरडाओरडा करत चढणाऱ्या आपल्या टोळक्यांनी त्या वाचाव्यात. भित्तिचित्रांचे फोटो काढायला बंदी आहे, तेव्हा मोबाइल खिशात ठेवा आणि डोळ्यांनी पाहा.

बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढू नका. हे मी अगदी कळकळीने सांगते. मूर्तीला तोंड करून उभं राहा, बाजूला उभं राहा, पण पाठ नको. 2012 साली मूर्तीचं चुंबन घेणाऱ्या फ्रेंच पर्यटकांना तिथल्या न्यायालयाने शिक्षा सुनावली होती (स्थगित का होईना), आणि 2014 साली दंडावर बुद्धाचं गोंदण असलेल्या एका ब्रिटिश बाईला देशाबाहेर पाठवलं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. चपला बाहेर काढाव्याच लागतात, आणि दुपारचा दगड तव्यासारखा तापतो. माझ्या पिशवीत कायम जाड मोज्यांचा जोड असतो. मोजे घालून आत सोडतात. जाफन्याला नल्लूरच्या कंदस्वामी मंदिरात पुरुषांना सदरा काढूनच जावं लागतं. दारात हुज्जत घालू नका.

शाकाहाऱ्यांची चूक: 'व्हेज' म्हटलं की काम झालं असं समजणं. ताटातलं पोल संबोल, म्हणजे खोबरं-मिरची-लिंबाची ती लाल चटणी, दिसते पूर्ण शाकाहारी. त्यात बऱ्याचदा उंबलकड असते, सुकवलेल्या माशाचा चुरा. परिप्पूत, म्हणजे डाळीतही, कधी कधी असते. 'उंबलकड एपा' एवढं पाठ करा: उंबलकड नको. मी हे म्हटल्यावर कँडीतल्या एका खानावळीतल्या आजींनी माझ्यासमोर नारळ खोवून वेगळी चटणी वाटून दिली होती.

बाकीच्या थोडक्यात. नुवारा एलियाला रेल्वे स्टेशन नाही, नानुओयाला उतरा. डोंगरातली ही रेल्वे दरड कोसळली की बंद पडते. निघायच्या आठवड्यात चालू आहे का विचारा, आणि रीलसाठी दारातून बाहेर लटकू नका, माणसं मेली आहेत. हॉर्टन प्लेन्सच्या वर्ल्ड्स एंड कड्यावर नऊ-दहानंतर धुकं भरतं, सहाला फाटकावर हवं. यालाचा मुख्य भाग बहुधा सप्टेंबरात बंद असतो. हत्तीच्या पाठीवर बसू नका. मिन्नेरियाला ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तलाव आटतो तेव्हा रानहत्तींचे कळपच्या कळप गवताला येतात, ते जीपमधून बघा. श्रीपाद या पवित्र डोंगराची चढाई डिसेंबरच्या पौर्णिमेपासून वैशाखी पौर्णिमेपर्यंत. एरवी वाटेवरचे दिवे नसतात, चहाची दुकानं नसतात. आणि दर पौर्णिमेला, पोया म्हणतात तिला, सरकारी सुट्टी आणि दारूविक्री बंद. त्या दिवशी अनुराधापुरात असाल तर संध्याकाळी श्री महाबोधी या पवित्र बोधिवृक्षापाशी जा. पांढऱ्या कपड्यातली माणसं कमळं घेऊन येत असतात, आणि तिथे कोणी घाईत नसतं.